रॉकेटवाले गणवेशात का नसतात?

प्रश्न : चांद्रयान-३ उतरलं त्या संध्याकाळी आम्ही सगळे टीव्हीसमोर बसलो होतो. नियंत्रण कक्षात कुणी साडीत, कुणी साध्या शर्टात. गणवेश कुणाच्याच अंगावर नाही. माझ्या मुलानं विचारलं, ‘बाबा, रॉकेट आणि क्षेपणास्त्र एकच असतं ना? मग ही माणसं सैन्यात का नाहीत?’ मी सांगून टाकलं की इस्रो संरक्षण खात्याची आहे. दुसऱ्या दिवशी त्याच्या बाई म्हणाल्या, नाही. मग ती कुणाची, आणि हे असं कुणी ठरवलं? शिवाय त्याचाच आणखी एक प्रश्न : एवढा मोठा कोकण किनारा असताना रॉकेट आंध्रातूनच का उडतं?
– एक वाचक, सांगली

उत्तर : बाईंचं बरोबर आहे. इस्रो संरक्षण खात्याची नाही, कधीच नव्हती. ती अंतराळ विभागाखाली येते आणि हा विभाग थेट पंतप्रधानांच्या अखत्यारीत असतो. इस्रोचे अध्यक्षच या विभागाचे सचिव असतात आणि अंतराळ आयोगाचे अध्यक्षही तेच. पण हे झालं कागदावरचं उत्तर. मुलाच्या प्रश्नाचं मोल त्याहून जास्त आहे, म्हणून जरा सविस्तर लिहितो.

त्याचं पहिलं वाक्य अगदी खरं आहे. रॉकेट आणि क्षेपणास्त्र ही एकाच घरातली भावंडं. इंधन जाळायचं, मागे वायूचा झोत सोडायचा, पुढे जायचं. टोकावर उपग्रह बसवला तर ते प्रक्षेपक, स्फोटकं बसवली तर क्षेपणास्त्र. जगातल्या बहुतेक अवकाश कार्यक्रमांचा जन्म लष्कराच्या घरात झाला तो यामुळेच. ४ ऑक्टोबर १९५७ रोजी सोव्हिएत संघानं स्पुतनिक सोडला, तो वाहून नेणारं आर-७ हे रॉकेट दुसऱ्या खंडावर अण्वस्त्र टाकण्यासाठी तयार केलेलं होतं. अमेरिकेचा पहिला उपग्रह ‘एक्सप्लोरर-१’ ३१ जानेवारी १९५८ रोजी त्यांच्या भूदलाच्याच रॉकेटनं वर नेला. चीनमध्ये १९५६ साली रॉकेटचं काम सुरू झालं ते संरक्षण मंत्रालयाच्या संस्थेत.

अमेरिकेत मात्र स्पुतनिकच्या धक्क्यानंतर वेगळा निर्णय झाला. अवकाशाचा कार्यक्रम एखाद्या सेनादलाच्या हातात द्यावा, असा आग्रह धरणारे पुष्कळ होते. राष्ट्राध्यक्ष आयझेनहॉवर स्वतः सेनापती राहिलेले, पण त्यांनी तो मानला नाही. त्यांनी २९ जुलै १९५८ रोजी नासाच्या कायद्यावर सही केली आणि १ ऑक्टोबरपासून नागरी संस्था म्हणून नासाचं काम सुरू झालं. याचा अर्थ लष्करानं अवकाश सोडलं असा नाही. हेरगिरीच्या उपग्रहांसाठी १९६१ मध्ये तिथे वेगळी संस्था निघाली आणि ती अस्तित्वात आहे हेसुद्धा सरकारनं १९९२ पर्यंत कबूल केलं नाही. म्हणजे एकाच देशात दोन घरं : एक उघड्या दारांचं, दुसरं बंद दारांचं.

आपल्याकडची गोष्ट याहून निराळी आहे. आपला कार्यक्रम लष्करातून सुटून बाहेर आला नाही; तो तिथे कधी जन्मलाच नाही. तो भौतिकशास्त्रज्ञांच्या घरात जन्मला, आणि ते घर होतं मुंबईत.

होमी भाभा आणि विक्रम साराभाई, दोघंही विश्वकिरणांचे अभ्यासक. अवकाशातून सतत पृथ्वीवर येणारे हे कण नेमके कुठून येतात, वातावरणात शिरताना त्यांचं काय होतं, हा त्यांचा विषय. साराभाईंनी केंब्रिजची पीएच.डी. याच विषयावर केली आणि १९४७ मध्ये अहमदाबादला भौतिकी संशोधन प्रयोगशाळा काढली. अशा माणसाला उंच जायचं असतं ते मोजमाप करायला. फुगा तीस-चाळीस किलोमीटरपर्यंत जातो. उपग्रह दोनशे किलोमीटरच्या खाली टिकत नाही. मधला पट्टा दोघांच्याही आवाक्याबाहेर राहतो, आणि तिथे काही मिनिटं डोकावून खाली पडणारं छोटं रॉकेट हाच एक उपाय असतो. भारताला रॉकेट हवं होतं ते इतक्या साध्या कारणासाठी.

१९६१ मध्ये सरकारनं अवकाश संशोधनाची जबाबदारी अणुऊर्जा विभागाकडे सोपवली. हा विभाग भाभांचा, मुख्यालय मुंबईत. १९६२ साली त्याच्या छत्राखाली साराभाईंच्या अध्यक्षतेखाली राष्ट्रीय समिती नेमली गेली. तिनं जागा निवडली केरळातलं थुंबा, तिरुवनंतपुरमजवळचं मच्छीमारांचं गाव. पृथ्वीचं चुंबकीय विषुववृत्त या गावाजवळून जातं आणि साधारण ११० किलोमीटर उंचीवर तिथे विजेचा एक प्रवाह वाहतो. जगातल्या शास्त्रज्ञांना त्याचं कुतूहल होतं. गावात सेंट मेरी मॅग्डलीनचं चर्च होतं. बिशप पीटर बर्नार्ड परेरा यांनी आपल्या लोकांना विश्वासात घेऊन ती जागा दिली. चर्चमध्ये प्रयोगशाळा आली. आज तिथे अवकाश संग्रहालय आहे.

२१ नोव्हेंबर १९६३ च्या संध्याकाळी थुंब्याहून पहिलं रॉकेट उडालं. रॉकेट अमेरिकेचं, ‘नायके-अपाची’. त्याच्या टोकातलं सोडियम बाष्पाचं उपकरण फ्रान्सचं. वर जाऊन त्यानं सोडियमची वाफ सोडली आणि मावळतीच्या आकाशात नारिंगी ढग पसरला. तुमच्या मुलाला एक गंमत जरूर सांगा : त्या पाहुण्या रॉकेटचा खालचा टप्पा मुळात विमानविरोधी क्षेपणास्त्रासाठी बनवलेला होता. भावंडं म्हणतो ते असं.

थुंब्याला पुढे जे घडलं ते शीतयुद्धाच्या काळात दुसरीकडे क्वचितच घडलं असेल. अमेरिकेनं रॉकेट दिली, सोव्हिएत संघानं संगणक आणि हेलिकॉप्टर दिलं, फ्रान्सनं रडार दिलं. एकमेकांवर अण्वस्त्रं रोखून बसलेल्या देशांचे तंत्रज्ञ एकाच वाळूत शेजारी शेजारी काम करत होते. २ फेब्रुवारी १९६८ रोजी इंदिरा गांधींनी हे केंद्र संयुक्त राष्ट्रांना अर्पण केलं. कुठल्याही सदस्य देशानं यावं, प्रयोग करावा. हे संरक्षण खात्याच्या कुंपणाआड शक्य झालं असतं का? मला तरी वाटत नाही. उघड्या दारांचा फायदा भारतानंच सर्वांत जास्त घेतला. आपल्या तरुण अभियंत्यांनी जे दिसेल ते पाहिलं, हाताळलं, शिकून घेतलं. २० नोव्हेंबर १९६७ रोजी स्वतः बनवलेलं पहिलं रॉकेट, रोहिणी-७५, उडालं. नावातले ७५ म्हणजे व्यासाचे मिलिमीटर. मनगटाएवढं रॉकेट!

याच दिवसांत एक मराठी माणूस इंग्लंडमधलं काम सोडून थुंब्याला आला : वसंत गोवारीकर. रॉकेटचं घन इंधन हा त्यांचा विषय. रबरासारख्या घट्ट, एकसंध इंधनाचा गोळा तडा न जाता कसा ओतायचा, तो ठरल्या वेगानंच कसा जळेल, हे ज्ञान कुणी विकत देत नाही. ते इथेच उभं करावं लागलं. पुढे ते थुंब्याच्या विक्रम साराभाई अंतराळ केंद्राचे संचालक झाले आणि निवृत्तीआधीच्या वर्षांत पावसाच्या अंदाजाकडे वळून त्यांनी १६ निकषांचं मोसमी पावसाचं प्रारूप तयार केलं. रॉकेटवाला माणूस पावसाकडे वळतो, यात आश्चर्य नाही. आपल्या अवकाश कार्यक्रमाचं पहिलं गिऱ्हाईक शेतकरीच होतं.

ते कसं, हे नारळाच्या गोष्टीवरून कळेल. केरळात माडांना मुळं कुजवणारा एक रोग पडत असे. झाड वरून हिरवं दिसतं आणि रोग कळेपर्यंत वेळ निघून गेलेली असते. १९७० च्या सुमारास पी. आर. पिशारोटी यांनी हेलिकॉप्टरमधून माडांच्या बागांची छायाचित्रं घेतली, अवरक्त किरण टिपणाऱ्या फिल्मवर. निरोगी पान हे किरण भरपूर परावर्तित करतं, आजारी पान कमी. डोळ्याला न दिसणारा रोग फिल्मवर उमटला. उपग्रहातून पिकांची पाहणी करण्याची जी विद्या आज आपण वापरतो, तिची आपल्याकडची सुरुवात या माडांपासून झाली. हे पिशारोटी त्याआधी पुण्याच्या उष्णदेशीय हवामान संस्थेचे पहिले संचालक होते. साराभाईंनी त्यांना अहमदाबादला नेलं.

इस्रोची स्थापना १५ ऑगस्ट १९६९ ची. तेव्हाही ती अणुऊर्जा विभागातच होती. भाभा २४ जानेवारी १९६६ रोजी माँ ब्लाँवरच्या विमान अपघातात गेले होते आणि अणुऊर्जा व अवकाश या दोन्हींची धुरा साराभाईंकडे आली होती. ३० डिसेंबर १९७१ रोजी थुंब्याच्या दौऱ्यावर असतानाच कोवळमला त्यांचं निधन झालं. वय अवघं ५२.

आता जो निर्णय झाला, तो मला या साऱ्या इतिहासातला सर्वांत महत्त्वाचा वाटतो, आणि त्याच्याबद्दल आपण सर्वांत कमी बोलतो. १९७२ च्या जूनमध्ये अंतराळ आयोग आणि स्वतंत्र अंतराळ विभाग निघाला. इस्रो अणुऊर्जेच्या घरातून बाहेर पडली. मधले काही महिने एम. जी. के. मेनन यांनी कारभार सांभाळला आणि मग सतीश धवन आले. बंगळुरूच्या भारतीय विज्ञान संस्थेचं संचालकपद सोडणार नाही आणि अवकाश कार्यक्रमाचं मुख्यालय बंगळुरूला हवं, या दोन्ही अटी त्यांनी घातल्या आणि इंदिराजींनी मान्य केल्या. मुंबईचं नातं तिथे संपलं.

तारखा शेजारी ठेवून पाहा. १८ मे १९७४ रोजी भारतानं पोखरणला पहिली अणुचाचणी केली. जग संतापलं, कॅनडानं अणुसहकार्य थांबवलं. अवकाश कार्यक्रम तेव्हा अजून अणुऊर्जा विभागात असता, तर? ती वाटणी दोनच वर्षांपूर्वी झाली होती. १९ एप्रिल १९७५ रोजी बंगळुरूजवळच्या पीण्या इथल्या शेडमध्ये यू. आर. राव यांच्या चमूनं बनवलेला, ३६० किलोंचा ‘आर्यभट्ट’ उपग्रह सोव्हिएत रॉकेटमधून कक्षेत गेला. आणि पोखरणनंतर सव्वा वर्षानं, १ ऑगस्ट १९७५ ला, खुद्द अमेरिकेचा उपग्रह भारतीय खेड्यांसाठी कार्यक्रम पोचवू लागला. वाटणी करणाऱ्यांच्या मनात नेमकं हेच होतं असा दावा मी करणार नाही. पण वेगळी चूल मांडल्याचा फायदा झाला, एवढं मी ठामपणे म्हणेन. आर्यभट्ट तर तुम्हीही हाताळला असेल : जुन्या दोन रुपयांच्या नोटेच्या मागच्या बाजूला जो अनेक पैलूंचा गोळा दिसायचा, तो हाच.

खेड्यांच्या त्या प्रयोगाचं नाव ‘साइट’. आंध्र, बिहार, कर्नाटक, मध्य प्रदेश, ओडिशा आणि राजस्थान या सहा राज्यांतली सुमारे २४०० गावं. महाराष्ट्र त्यात नव्हता. कोंबड्यांच्या खुराड्याला लावतात तसल्या जाळीचे तीन मीटरचे अँटेना उभारले गेले. वीज नव्हती तिथे बॅटरीवर संच चालले. शेती, आरोग्य, मुलांचं शिक्षण, रोज चार तास. कित्येक गावांनी रेल्वे पाहिली नव्हती, पण दूरचित्रवाणी पाहिली, तीही मुंबईकरांना दिसायला लागून तीनच वर्षं झाली असताना. वर्षभरानं उपग्रह अमेरिकेनं परत नेला. पण आपलाच असा उपग्रह हवा हे सरकारला पटवून द्यायला आता वेगळ्या युक्तिवादाची गरज उरली नव्हती. इन्सॅट मालिका त्यातून आली, आणि चक्रीवादळाचं जे फिरतं चित्र आपण बातम्यांत पाहतो तेही.

आता गणवेशाच्या प्रश्नाचं मर्म. नागरी संस्था म्हणजे काय, हे मला १० ऑगस्ट १९७९ च्या घटनेवरून सर्वांत नीट उमगतं. त्या दिवशी श्रीहरिकोट्याहून एसएलव्ही-३ हे आपलं पहिलं उपग्रह प्रक्षेपक उडालं आणि दुसऱ्या टप्प्यातल्या बिघाडामुळे बंगालच्या उपसागरात पडलं. प्रकल्प संचालक होते ए. पी. जे. अब्दुल कलाम. पत्रकारांसमोर गेले ते अध्यक्ष धवन. अपयशाची जबाबदारी त्यांनी स्वतःवर घेतली. १८ जुलै १९८० रोजी तेच प्रक्षेपक यशस्वी झालं, ३५ किलोंचा रोहिणी उपग्रह कक्षेत गेला. तेव्हा धवनांनी कलामांना सांगितलं, आज पत्रकारांशी तुम्ही बोला. ही आठवण कलाम पुढे आयुष्यभर सांगत राहिले.

धवनांचा मोठेपणा यात आहेच. पण मला दिसतो तो त्या पत्रकार परिषदेचा अर्थ. अपयश झालं आणि त्याच दिवशी देशाला सांगितलं गेलं. स्पुतनिक आणि गागारिन यांच्यामागचे मुख्य अभियंता सर्गेई कोरोलेव यांचं नावसुद्धा ते जिवंत असेपर्यंत जगापासून लपवलेलं होतं. जानेवारी १९६६ मध्ये ते वारले, तेव्हा कुठे ते छापून आलं. आपल्याकडे पीएसएलव्ही या प्रक्षेपकाचं पहिलं उड्डाण २० सप्टेंबर १९९३ रोजी फसलं, तेही लपलं नाही. ७ सप्टेंबर २०१९ च्या पहाटे चांद्रयान-२ चा चंद्रावर उतरणारा ‘विक्रम’ लँडर हरवला तो तुमच्या-माझ्या डोळ्यांदेखत. तुमच्या मुलानं पाहिलेली ती साडीतली, शर्टातली माणसं पडद्यावर दिसतात ती म्हणूनच. करदात्यांसमोर आनंद साजरा करायचा तर पडायचंही त्यांच्यासमोरच.

ही भिंत अभेद्य आहे असं मात्र त्याला सांगू नका, ते खोटं ठरेल. १९८२ मध्ये कलाम इस्रो सोडून संरक्षण संशोधन संस्थेत गेले, क्षेपणास्त्रं बनवायला. २२ मे १९८९ रोजी ‘अग्नी’ उडालं, त्याचा पहिला टप्पा एसएलव्ही-३ च्या पहिल्या टप्प्यावरून घेतलेला होता. भावंडांची ओळख पुन्हा पटली. पण क्षेपणास्त्र बनवायचं तर माणसाला संस्था बदलावी लागली, हे ध्यानात घ्यावं. इतर बऱ्याच देशांत क्षेपणास्त्रातून अवकाश प्रक्षेपक निघालं. आपल्याकडे अवकाश प्रक्षेपकातून क्षेपणास्त्र. नौदलासाठीचा दळणवळण उपग्रह इस्रोनं २०१३ मध्ये दिला. २७ मार्च २०१९ रोजी भारतानं उपग्रह पाडण्याची चाचणी केली. ती संरक्षण संशोधन संस्थेची होती, मात्र पाडलेला उपग्रह दोन महिन्यांपूर्वी इस्रोच्याच रॉकेटनं वर नेलेला होता.

या नात्याची किंमतही मोजावी लागली. जड उपग्रहांसाठी अतिथंड इंधनाचं इंजिन हवं होतं. रशियाशी करार झाला, आणि १९९२ मध्ये अमेरिकेनं हे क्षेपणास्त्राचं तंत्रज्ञान आहे म्हणून इस्रोवर निर्बंध घातले. या आक्षेपात दम नव्हता असं माझं मत आहे. या इंजिनासाठी टाक्यांत उणे २५३ अंशांचा द्रव हायड्रोजन आणि उणे १८३ अंशांचा द्रव ऑक्सिजन भरायचा असतो. तो आधी भरून ठेवता येत नाही, उडवण्याआधी तासन्‌तास भरावा लागतो. असलं क्षेपणास्त्र शत्रूसाठी कोण ताटकळत उभं करेल? रशियानं अखेर तंत्रज्ञान दिलं नाही, तयार इंजिनं तेवढी दिली. स्वतःच्या इंजिनाचं पहिलं उड्डाण १५ एप्रिल २०१० रोजी फसलं, आणि यश आलं ५ जानेवारी २०१४ रोजी. वीस वर्षं गेली, पण आता ते इंजिन कुणाच्या परवानगीवर चालत नाही.

राहिला कोकण. पृथ्वी पश्चिमेकडून पूर्वेकडे फिरते. श्रीहरिकोट्याला जमीनच ताशी सुमारे १६२० किलोमीटर वेगानं पूर्वेला चाललेली असते. पूर्वेकडे झेपावणाऱ्या रॉकेटला हा वेग फुकटात मिळतो. रॉकेटचे जळून गेलेले टप्पे वाटेत गळून पडतात, ते समुद्रात पडायला हवेत. रत्नागिरीहून पूर्वेला उडवलं तर सह्याद्री ओलांडून ते कराड-सांगलीच्या डोक्यावर येतील! पश्चिमेला उडवलं तर पृथ्वीच्या फिरण्याशीच झगडा. थुंबाही अरबी समुद्रावरच आहे, पण तिथली छोटी रॉकेट वर जाऊन परत खाली येतात, त्यांना प्रदक्षिणा घालायची नसते. म्हणून उपग्रहांसाठी पुलिकत सरोवर आणि बंगालचा उपसागर यांच्यामधलं हे बेट निवडलं गेलं आणि १९७१ पासून तिथून उड्डाणं सुरू झाली.

रॉकेट उडतं आंध्रातून, पण महाराष्ट्र त्यात भरपूर आहे. इंदापूर तालुक्यातलं वालचंदनगर साखरेसाठी ओळखलं जातं. तिथल्या कारखान्यात रॉकेटच्या मोटारींची पोलादी कवचं घडतात. विक्रोळीला गोदरेजच्या कारखान्यात ‘विकास’ इंजिनं बनतात. मुलाला पंढरपूरला किंवा पुण्याला नेताना वाकडी वाट करून वालचंदनगर बाहेरून का होईना दाखवा.

आणि जमलं तर श्रीहरिकोटाही. २०१९ पासून तिथे लोकांसाठी प्रेक्षागार आहे. इस्रोच्या संकेतस्थळावर नाव नोंदवायचं, ओळखपत्र घेऊन जायचं. चेन्नईच्या उत्तरेला साधारण ८० किलोमीटरवर सुल्लुरपेटा स्टेशन, तिथून बेटापर्यंत रस्ता. ज्वाळा आधी दिसतील, गडगडाट बऱ्याच सेकंदांनी येईल, तेवढ्या वेळात मुलाला सेकंद मोजायला सांगा आणि अंतर काढायला लावा. उड्डाण ऐन वेळी पुढे ढकललं जाऊ शकतं, म्हणून परतीचं तिकीट दोन दिवस राखून काढा.